पाण्याची वेळ

राजावाडीतून घरी आणलं तेव्हा भाऊंकडे
एकच शब्द उरला होता: चावी.
भूक लागली, चावी.
पंखा कमी कर, चावी.
मी कोण, असं विचारलं तर
माझ्याकडे नीट बघून, खात्रीनं: चावी.

एकतीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात.
खांद्यावर ती लोखंडी चावी, पुरुषभर उंच.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत सोडायची
आणि मोजून फेरे. टागोर नगरला बावीस,
कन्नमवारला अठरा, टेकडीवरल्या वस्तीला
ठरलेल्याहून दोन जास्त, कुणाला न सांगता.
विश्राम धुरी दिसले की बायका पिंपांची झाकणं काढत.

सिस्टर फिलोमिनानं निघताना वही दिली.
"लघवीची पिशवी चांगली आहे, बाई. निरोप पोचत नाही.
दर दोन तासांनी बसवायचं, लागली असो नसो.
लिहून ठेव. वेळ, किती, कोरडे की ओले."

लिहिते.
सहा दहा, ओले.
आठ, भांड्यात, दीडशे.
नऊ पस्तीस, ओले. चादर, लुंगी, उशीसुद्धा.
उशी कशी, ते विचारू नका.

पहिल्यांदा लुंगी सोडायला गेले
तेव्हा डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं.
उजवा बाजूला पडून होता, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा.
केवढा जोर त्या एका हातात.
भाऊ, सोडा, म्हटलं.
त्यांनी सोडलं नाही. मीही ओढलं नाही.
तेवढ्यात ते ऊन ऊन गादीभर पसरलं
आणि हात आपोआप ढिला पडला.
मग आम्ही दोघं बराच वेळ
कॅलेंडरकडे बघत होतो.

आईचे गुडघे गेलेत. ती दारात बसून मेथी निवडते,
न विचारता सांगते, "माझी कधी लाज नव्हती त्यांना."
नीलेश डोंबिवलीहून फोन करतो, "डायपर घाल ना, ताई."
घालते की, रात्रीचा. मेडिकलवाला पेपरात गुंडाळून देतो,
वर काळी पिशवी, वर गाठ,
जसं काही मी चोरीचं नेतेय.

परवा जिन्यात तळमजल्याचे कामत म्हणाले,
"चावीवाल्याचीच चावी बिघडली की हो!"
मी काही न बोलता वर आले. भांडं घासलं.
मग काय वाटलं कोण जाणे,
भाऊंना सांगितलं, जसंच्या तसं, कामतांच्या आवाजात.
ते बघत राहिले.
डावा गाल हलला, मग अर्धं तोंड, मग पोट.
तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले
आणि हसता हसता झाली.
वहीत रकाने दोनच, कोरडे आणि ओले.
मी समासात लिहिलं: हसून.

पहाटे पावणेपाचला मोरीतला नळ खाकरतो.
पाण्याआधीची हवा.
नवा पोरगा कधी वीस मिनिटं उशिरा येतो,
भाऊ तोवर छताकडे डोळे लावून.
खाकरला की म्हणतात, चावी.
ही चावी वेगळी, शेवटाला वर चढलेली.
मला उशिरा कळली. पंधरा दिवस मी समजत होते
की पाणी आलं म्हणून सांगतायत.
बादली लावायला धावायची
आणि परत येईतो गादी गेलेली.

आता आधी भांडं, मग बादली.
आधी काहीच नाही. मग थेंब.
मग मोरीत एक धार, इथे एक.
काल ओले होते. उद्याचं उद्या.
बादली भरून वाहतेय, आई हाका मारतेय,
आणि भाऊंचा डावा हात हवेत
सावकाश फिरतो आहे.
बारा. तेरा.
कन्नमवारला अठरा.
मी भांडं धरून उभी आहे.